माळ्यावरचा खोका, टँकची वही आणि नाशिकचा दादा

ताई, नमस्कार. आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय आणि पुढची तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत काढायचीयेत. परवा माळा उतरवला तर पाण्याच्या टाकीच्या मागे मिक्सरचा खोका सापडला, उघडला तर आमचा टीव्हीवाला व्हिडिओ गेम! १९९६ च्या मे महिन्यात बाबांनी घेतलेला. दोन रिमोट, बंदूक, अकरा कॅसेटी, एक ब्रिक गेम, नंतरच्या काळातल्या कॉम्प्युटर गेमच्या सीड्यांचं पाऊच, आणि दादा आणि मी स्कोअर लिहायचो ती वही पण. मी तिथंच फरशीवर बसलो ते दोन तास उठलोच नाही. बायको म्हणते नव्या घरात आपल्यालाच पाय पसरायला जागा नाही, हे देऊन टाक. ऑफिसातला एक जण म्हणतो जुने गेम लाखात जातात, घाई करू नकोस. मुलगा १० वर्षांचा आहे, तो बघून म्हणाला 'ई, ग्राफिक्स किती घाण आहेत'. ते जरा लागलं. दादा नाशिकला असतो, मागच्या वर्षी त्यानं घराचं हक्कसोड करून दिलं माझ्या नावावर, तेव्हापासून बोलतो आम्ही पण कामापुरतंच. ते असो. तर ठेवू, विकू, की मुलाला देऊ?
– माळ्यावरचा मारिओ, डोंबिवली

अरे मारिओ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मजा आली, दुसऱ्यांदा त्या 'ते असो'पाशी अडकले. तू कॅसेटी मोजून सांगितल्यास, बंदूक सांगितलीस, पोरगं काय बोललं ते सांगितलंस, आणि ज्याची या खोक्यात निम्मी भागीदारी आहे त्याला एका 'असो'त गुंडाळून कोपऱ्यात ठेवलंस. मला काय विचारतोयस, दादाला विचार. त्यानं हक्कसोड घराचं केलंय, खोक्याचं नाही.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण तुझी बायको जे म्हणतेय ना, ते मी करून बसलेय. २००९ ला आमचं साताऱ्याचं घर विकलं तेव्हा आवरायला मी एकटी, दोघे भाऊ 'तू बघ गं काय ते' म्हणून मोकळे, आणि चौथ्या दिवशी माझी अशी सटकली होती की समोर येईल ते पोत्यात. त्यात धाकट्याचा गेम गेला, कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या. भंगारवाल्यानं माझ्यासमोरच गेमचं झाकण उचकटलं, आतली हिरवी पट्टी वेगळी काढली, वायरी वेगळ्या, प्लास्टिक वेगळं, काट्यावर टाकलं आणि रद्दी धरून सगळ्याचे मिळून ११० रुपये हातावर ठेवले. मला तेव्हा काही म्हणजे काही वाटलं नाही, खरं सांगते, त्या गेमवर माझा जीव असायचं कारणच नव्हतं, भाऊ जेवायला बसले की मधली पंधरा मिनिटं माझ्या वाट्याला यायची आणि तेव्हाही 'आमचा पॉज काढलास तर बघ' अशी धमकी असायची, म्हणजे मी नुसती थांबलेल्या मारिओकडे बघत बसायची. पण धाकटा अजून दर भाऊबीजेला ताटात ओवाळणी टाकताना म्हणतो, ताई, यातले ११० वळते करून घेतलेत हां. हसत म्हणतो. पण दर वर्षी म्हणतो.

तर दादाला विचारल्याशिवाय यातली एक कॅसेट इकडची तिकडे करायची नाही. आता कसं विचारायचं ते ऐक. 'दादा आपला गेम सापडला, किती आठवणी ना' असलं काही पाठवू नकोस, त्याला माणूस एक अंगठा पाठवतो आणि विषय मिटतो. गेमचा फोटोही नको. ती वही उघड आणि टँकचं पान काढ. टँक असणारच, अकरा कॅसेटींतल्या निदान चारपाचांत तो असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा म्हणजे १९८५ चा बॅटल सिटी, खाली मध्यभागी विटांच्या आत आपला पक्षी, वरून शत्रूचे २० टँक, दोघांनी मिळून पक्षी वाचवायचा, अशा ३५ लेव्हल. आणि प्रत्येक लेव्हल संपली की कोणी किती टँक मारले याचा दोघांचा वेगवेगळा हिशेब स्क्रीनवर यायचा, म्हणून तर तुमची वही. त्यात भांडणाची सोयही गेममध्येच करून ठेवलेली, चुकून (किंवा 'चुकून') भावाला गोळी लागली की तो जागच्या जागी थिजायचा आणि तोवर समोरचे टँक तुम्ही मारून घ्यायचे. आमच्याकडे हरायला लागला की मोठा सरळ टँकचं तोंड फिरवून आपल्याच पक्ष्याला गोळी घालायचा, गेम ओव्हर, आणि रिमोट आपटून उठायचा. आता तो बँकेत मॅनेजर आहे, स्वभाव तोच.

तर त्या पानावर जिथं भांडणाची खूण दिसेल, आकडा खोडलाय, वर गिरवलाय, बाजूला बॉलपेननं 'चीटिंग' लिहिलंय, तेवढ्याचा जवळून फोटो काढ आणि दादाला फक्त एवढंच विचार, 'हे कोणी खोडलं होतं?' बास. याला अंगठा देऊन चालत नाही, याला उत्तर द्यावं लागतं, आणि माझी पैज आहे की उत्तर 'तूच' असं येईल आणि मग तू 'मी नाही' म्हणशील आणि पुढचं तुमचं तुम्ही बघाल.

हक्कसोडाचा विषय मात्र काढू नकोस. आभार नको, सॉरी नको. तुमच्यात नक्की काय आहे ते मला ठाऊक नाही पण असली घरं मी बरीच बघितलीयेत, सही करणारा मोठ्या मनाने सही करतो, घेणारा मनापासून घेतो, आणि मग दोघंही अवघडून बसतात, एकाला वाटतं मी फोन केला तर याला वाटेल काहीतरी मागतोय, दुसऱ्याला वाटतं मी हसून बोललो तर याला वाटेल बघ कसा खूश आहे फुकटात. हे बोलून सुटत नाही, निदान फोनवर तरी नाही. त्यापेक्षा त्याला सांग की माळ्यावरचं सामान उतरवायला एक माणूस कमी पडतोय, रविवारी येतोस का. मोठ्या भावाला जेवायला बोलावलं तर त्याला कामं असतात, हमालीला बोलावलं की येतो. आणि त्या भिंती पडायच्या आधी त्यालाही एकदा बघायच्या असतील रे, लहानपण त्याचंही तिथंच गेलंय.

आता तोवर एक गोष्ट अजिबात करायची नाही ती म्हणजे गेम चालू करून बघणं. तुझा हात शिवशिवत असणार मला माहितीये, आणि खोक्यात अ‍ॅडॉप्टर असल्याचं तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे तो हरवलाय आणि तू राउटरचा काढून लावणार. थांब. १९८३ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम म्हणून जो निन्टेंडोचा गेम आला त्याच्याच नकला आपल्याकडे घरोघरी होत्या, ६० पिनांच्या कॅसेटीवाल्या, आणि त्या जातीच्या मशीनना बहुतेक करून ९-१० व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधल्या भोकात मायनस असतो. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुतेक वेळा मधे प्लस असतो आणि व्होल्टही १२. खटकन बसतो तो, बसतो म्हणून चालतो असं वाटतं, आणि मग जो वास येतो तो आला की संपलं. मशीन उलटं करून खालचा स्टिकर वाच, गोलाच्या दोन बाजूंना प्लस-मायनस काढलेलं चित्र असतं ते बघ, आणि वाचता येत नसेल तर मशीन घेऊन लॅमिंग्टन रोडला जा, किंवा पुण्याला कोणी जाणार असेल तर तपकीर गल्लीत, समोर ठेवून दाखव, ते लोक मीटर लावून अ‍ॅडॉप्टर देतात. पत्रकार परिषद घेतल्यासारखं सगळ्यांना विचारत बसू नकोस, एकाच दुकानात शांतपणे विचार.

टीव्हीला जोडायचा प्रश्न त्यानंतरचा. मशीनच्या मागे पिवळ्या-पांढऱ्या पिनांची भोकं असतील तर सोपं आहे, नव्या टीव्हीला ती भोकं नसली तरी एव्हीचं एचडीएमआय करणारी काड्यापेटीएवढी डबी मिळते. नुसती अँटेनाची वायर असेल तर चॅनल शोधत बसावं लागेल. आणि उडी मारताना बटण दाबल्यावर मारिओ जरा उशिरा उडतोय असं वाटलं तर तुझं वय झालेलं नाही, नवे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्याच्यावर काम करत बसतात, सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो लाव. बंदूक मात्र विसर. ती गोळी मारतच नव्हती, उलट ती बघत होती. बदकं मारायच्या गेममध्ये चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, बंदुकीच्या तोंडातल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं, नाही दिसला तर कुत्रा हसला. हे सगळं जुन्या डबा टीव्हीच्या चित्र काढायच्या पद्धतीवर आणि वेळेवर बेतलेलं होतं, तुझ्या एलईडीवर तो कुत्रा जन्मभर हसत राहील.

कॅसेटींना फुंकर मारू नकोस! आपण सगळ्यांनी मारली, मीही मारली, आणि ती लागू पडायची असं आपल्याला वाटायचं पण लागू पडायचं ते कॅसेट काढून परत घालणं, त्यानं पिना घासल्या जायच्या. फुंकरीतून जायची ती थुंकी, आणि थुंकीनं पिना गंजतात. मोबाइल रिपेअरवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली आण (सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन नाहीतर जेल असतं), कान साफ करायची काडी बुडवून पिनांवरून फिरव. पहिली काडी काळी येईल, अशी काळी की तव्याखाली फिरवल्यासारखी, दुसरी तपकिरी, तिसरी पिवळट, आणि चौथ्या काडीला पिना दिसायला लागतील. अर्धा तास वाळू दे. एखादी कॅसेट उघडलीसच तर आत मोठं काही सापडेल अशी आशा ठेवू नकोस, एवढ्या मोठ्या डबीत बोटभर पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका, त्या ठिपक्यात तुमची अख्खी मे महिन्याची सुट्टी. '९९९९९९ इन १' वाल्या कॅसेटीत पण तेवढंच, तेच दहा-वीस गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून नवीन नंबर दिलेले, हे आपल्याला तेव्हाही कळत होतं पण मोजत कोण बसतंय.

ब्रिक गेमचं मागचं झाकण आजच उघड, दादाची वाट बघू नकोस. आत पेन्सिल सेल राहिले असतील तर ते गळून बुरशीसारखी पांढरी पूड आली असेल, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशनं खरवडून काढ, स्प्रिंगला हलका पॉलिश पेपर मार. सीड्यांपैकी छापील चित्राच्या ठेव, मार्करनं नाव लिहिलेल्या रायटरवर मारलेल्या असतील त्यांचा रंग एव्हाना उडाला असायची शक्यता फार, आणि ओरिजिनल असल्या तरी त्यातल्या काहींचं जुनं कॉपी-प्रोटेक्शन नव्या विंडोजमध्ये चालतच नाही. आधी लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह लावून एकेक उघडते का बघ, जिच्यावर ओरखडे नाहीत तीसुद्धा दगा देते.

मुलाचं. तो म्हणाला ग्राफिक्स घाण आहेत, तर आहेतच घाण! मारिओतले ढग आणि खालची झुडपं हे एकच चित्र आहे, वर पांढरं खाली हिरवं, कारण मेमरी एवढीशी होती की दोन चित्रं ठेवणं परवडत नव्हतं. हे त्याला दाखव, त्यात त्याला मजा येईल, पण 'आमच्या वेळी आम्ही एवढ्यात खूश होतो' हे वाक्य तोंडातून गेलं की पोरगं गेलंच म्हणून समज. आणि मारिओपासून सुरुवात करू नकोस. तीन जीव, ३२ लेव्हल, सेव्ह करायची सोय नाही, मेला की पहिल्यापासून, आणि आपल्याकडे तर आठवतंय ना, सातव्या वर्ल्डला पोचलो की लाइट जायची, आणि मग अख्ख्या चाळीतून एकाच वेळी 'आईशप्पथ' ऐकू यायचं. आजच्या पोराला हे शिक्षा वाटणार. त्याला टँक दे, दुसरा रिमोट तू घे, पहिल्या पाच मिनिटांत त्याला 'चुकून' एक गोळी मार आणि थिजव. पुढं त्याला खेळावंसं वाटलं तर वाटलं, नाही वाटलं तर तो खोका त्याच्या गळ्यात मारू नकोस, वारसा म्हणून दिलेला गेम कोणी खेळत नाही.

आता लाखांचं. तुझ्या ऑफिसातल्या माणसानं अर्धी बातमी वाचलीय. २०२१ च्या जुलैत अमेरिकेत सुपर मारिओ ६४ ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली हे खरं आहे, तेव्हाच्या भावानं साडेअकरा कोटींच्या आसपास, आणि तो गेमही तुझ्या मशीनसारखा १९९६ चाच. फरक एवढाच की ती प्रत कारखान्यातून निघाली तशी सीलबंद होती, वरचं प्लास्टिकसुद्धा कोणी फोडलेलं नाही, म्हणजे ज्यानं घेतली तो ती कधी खेळलाच नाही. तुमचा गेम खेळून खेळून पिवळा पडलाय, रिमोटच्या वायरीला चिकटपट्टी असेल, आणि मुळात ती नक्कल आहे. ऑनलाइन कोणी ४० हजार मागतंय असं दिसेल, मागायला काय, मी माझ्या जुन्या इस्त्रीचे ४० हजार मागेन. विकला गेला कितीला ते बघ. हौशी लोक घेतात, नाही असं नाही, पण ओरिजिनल डबा, पुस्तिका, बिल असं सगळं असलं तर. तुला जे येतील ते टेम्पोच्या हमालीत जातील, तेव्हा विकायचा विचार सोड.

राहिली बायको, आणि तिथं मी तुझ्या बाजूनं नाही. तू लिहिलंस दोन तास फरशीवर बसलो. त्या दोन तासांत स्वयंपाकघरातले डबे कोण भरत होतं? ती 'देऊन टाक' म्हणाली ते गेमला नाही म्हणाली, त्या दोन तासांना म्हणाली, मला विचार, मी तेच पोतं भरलंय. आज संध्याकाळी जाऊन भांड्यांची एक अख्खी पेटी भर, न सांगता, पेपर लावून नीट, आणि मग तिला सांग की खोका एकच, मिक्सरचा, तो पलंगाखाली राहील, त्यापलीकडे माझं काहीही नाही. माळ्यावर नको हां, नव्या घरातही नको, तिथं परत टाकीची ओल लागेल, आत सिलिकाच्या पुड्या टाक, बुटांच्या खोक्यातल्या चालतात. मेलेल्या वायरी, फुटका रिमोट, नको असलेल्या सीड्या हे मात्र दादानं बघितल्यावर ई-कचरा घेणाऱ्याकडे दे, भंगारवाल्याकडे नको, ते लोक वायर उघड्यावर जाळून तांबं काढतात.

आणि दादा म्हणाला की मी घेऊन जातो सगळं नाशिकला, तर देऊन टाक. वही ठेवून घे. तीवरून भांडण झालं तर अर्धी अर्धी झेरॉक्स काढा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

खोक्यावर जाड मार्करनं चारी बाजूंनी 'काच' लिही. काच नाहीये माहितीये. पण सामान उचलणारी पोरं दुसरं काही लिहिलेलं वाचत नाहीत.

तुझी ताई